आजीचा काविळीचा मंत्र घ्यावा का?

तुम्ही विचारलेत ते थोडक्यात असे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या गावी आजी कावीळ उतरवते. वाटीत पाणी, हातात दूर्वांची जुडी, डोक्यापासून पायांपर्यंत जुडी फिरवताना ओठांतल्या ओठांत मंत्र, असे तीन सकाळी. आता तिला झेपत नाही, म्हणून येत्या ग्रहणात तो मंत्र तुमच्या कानात घालायचे तिने ठरवले आहे. जे शब्द कानांवर पडलेत त्यांतले काही हिंदी वाटतात, काही कोकणी, आणि उरलेले कुठल्याच भाषेतले वाटत नाहीत. त्यांना अर्थ आहे का, त्यांचा उपयोग होतो का, आणि पणजीत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तुमच्यासारख्या मुलीने तो घ्यावा का, असे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

घ्यावा. त्याला अर्थ आहे. काविळीवर मात्र तो औषध नाही, आणि हे तिसरे वाक्य पहिल्या दोहोंइतकेच ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

मी फोंडा तालुक्यात पौरोहित्य करतो. घर ऋग्वेदी, संथा वडिलांकडून आणि पुढे पाठशाळेत. पण आपल्याकडे भटाचे काम गर्भकुडीपुरते, म्हणजे गाभाऱ्यापुरते, राहत नाही. आत मी अभिषेक सांगत असतो तेव्हा बाहेर चौकात घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस, गाऱ्हाणे घालायला उभा असतो, आणि त्याच घरातली म्हातारी सांजवेळी नातवाची दिष्ट (दृष्ट) काढते. या तिन्ही वाणी मी आयुष्यभर शेजारी शेजारी ऐकल्या, त्यामुळे एकीला शास्त्र आणि दुसरीला अडाणीपणा म्हणायची सवय मला लागली नाही.

सुरुवात आमच्याच पोथीपासून करतो. तृचाकल्पाने सूर्यनमस्कार घालतात तेव्हा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचा म्हणतात. त्यांतली मधली ऋचा अशी : ‘शुकेषु मे हरिमाणं रोपणाकासु दध्मसि । अथो हारिद्रवेषु मे हरिमाणं नि दध्मसि ॥’ माझा पिवळेपणा आम्ही पोपटांत ठेवतो, रोपणाका पक्ष्यांत ठेवतो, हारिद्रव पक्ष्यांत ठेवतो. ही ऋचा म्हणजे कावीळ उतरवण्याचा मंत्रच. आरोग्यासाठी नमस्कार घालणारे कितीतरी यजमान ती माझ्यामागून म्हणतात आणि त्यांना त्याची कल्पना नसते. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातल्या बाविसाव्या सूक्तात हीच ऋचा रोग्याला उद्देशून येते, आणि तिच्याआधी लाल गाईबैलांच्या रंगाने तुला वेढतो असे म्हटले आहे. तिचा प्रयोग कौशिकसूत्रात सांगितला आहे : लाल बैलाचे केस घातलेले पाणी रोग्याला पाजायचे, आणि पिवळे पक्षी त्याच्या खाटेला बांधायचे. मंत्र म्हणताना पिवळेपणाला जायची जागा समोर दिसली पाहिजे.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. हा मंत्र रोगाला मारत नाही, तो त्याला हलवतो. पिवळेपणा जगातून नाहीसा व्हायचा नाही. तो पोपटाच्या अंगी शोभतो, तिथे जावा. तांबूसपणा माणसाच्या अंगी असावा, तो गाईकडून यावा. तुमच्या आजीच्या हातातल्या दूर्वा आणि वाटीतले पाणी तेच काम करतात. ते पाणी नंतर ती कुठे ओतते, हे तिला जरूर विचारा. माझा अनुभव असा की उतरवलेले पाणी, मीठ, तांदूळ, लिंबू यांचे पुढे काय करायचे याचा नियम मंत्राइतकाच कडक असतो : कोणी ओलांडू नये अशा जागी, वाहत्या पाण्यात, नाहीतर तीन वाटा मिळतात तिथे.

तापाचे सूक्त तर याहून बोलके आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातल्या बाविसाव्या सूक्तात तक्मन् नावाच्या तापाला नुसते जा म्हटलेले नाही. त्याचा सगळा गोतावळा मांडला आहे : भाऊ बलास नावाचा रोग, बहीण खोकला, चुलतभाऊ खरूज, सगळ्यांना घेऊन जा. तिसऱ्या दिवशी येणारा, तिसरा दिवस सोडून येणारा, सतत राहणारा, पावसाळ्यातला, शरदातला, असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. हिवताप पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. आणि शेवटी पत्ता : गंधार, मूजवत, अंग, मगध. म्हणजे म्हणणाऱ्याच्या दृष्टीने जगाच्या पार कडेला. रोमन लोकांतही पाळीच्या तापावर असाच उपाय होता. सेरेनस सामोनिकस या लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुमारास तो लिहून ठेवला : ‘अब्राकादाब्रा’ हा शब्द कागदावर लिहायचा, खालच्या प्रत्येक ओळीत एक अक्षर गाळत जायचे, शेवटी एकच अक्षर उरते, आणि तो कागद रोग्याच्या गळ्यात बांधायचा. शब्द झिजेल तसा ताप झिजावा. इकडे तापाला वाट दाखवली, तिकडे त्याला अक्षराअक्षराने कमी केले.

आता तुमच्या आजीच्या मंत्राकडे. तुम्ही लिहिलेल्या तुकड्यांवरून तो शाबरी धाटणीचा दिसतो. ‘ॐ नमो आदेश गुरू को’ अशी सुरुवात, मधे नाव घेऊन केलेला हुकूम, कोणाची तरी आण, आणि ‘फुरो मंत्र ईश्वरो वाचा’ असा शेवट. ही नाथपंथाची खूण. मराठी घरांतून ती मुख्यतः 1819 साली पूर्ण झालेल्या मालूच्या ‘नवनाथ भक्तिसार’ पोथीमुळे ओळखीची झाली. मच्छिंद्रनाथांनी शाबरी विद्या सिद्ध केल्याची कथा त्यात आहे. अशा मंत्राची बांधणी तुम्ही एकदा ओळखलीत की तो तुम्हाला अनाकलनीय वाटणार नाही. आधी म्हणणारा आपल्यामागे कोण उभे आहे ते सांगतो, कारण हुकूम करायला त्याचा एकट्याचा अधिकार पुरत नाही. मग तो रोगाला नावाने हाक मारतो, बऱ्याचदा त्याचे कूळ-मूळ सांगतो : तू कुठून आलास हे मला ठाऊक आहे. ओळखला गेलेला शत्रू अर्धा हरलेला असतो. मग वाट दाखवतो. मग आण घालतो, गोरखनाथाची, महादेवाची, कधी एखाद्या पिराचीही. आणि शेवटी मोहोर. तक्मन्‌च्या सूक्तात आणि आजीच्या मंत्रात मला हीच चाल दिसते. भाषा बदलली, चाल तीच राहिली.

राहिले ते कुठल्याच भाषेत न बसणारे शब्द. त्यांतले काही नुसते झिजलेले असतील. मंत्र तोंडातोंडी तीन-चार भाषांतून येतो, देणारी व्यक्ती विचारू देत नाही, घेणारी घाबरलेली असते, अक्षरे सरकणारच. पण सगळे त्यातले नसतात. न कळणारा शब्द मंत्रात मुद्दाम ठेवण्याची रीत फार जुनी आहे. सामवेदाच्या गाण्यात ‘हाउ’, ‘औहोवा’ असे स्तोभ येतात, ज्यांना कोशातला अर्थ नाही, आणि ते गाळून साम गाणे चूक ठरते. तंत्रात ‘ह्रीं’, ‘क्लीं’, ‘हुं फट्’ आहेत. सापाच्या विषावरच्या अथर्ववेदी सूक्तात ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘ताबुव’ असे शब्द आहेत. लोकमान्य टिळकांनी त्यांचे नाते खाल्डियन भाषेशी जोडून दाखवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे सगळे म्हणणे पुढच्या पंडितांनी मान्य केले नाही, पण परक्या, दूरच्या वाटणाऱ्या शब्दाला विषावर अधिक बळ मानले गेले हे उघड आहे.

हा वाद आपल्या परंपरेने मनमोकळेपणाने घातला आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत दिले आहे : ‘अनर्थका हि मन्त्राः’, मंत्रांना अर्थ नसतो. त्याची कारणेही कच्ची नाहीत. मंत्रातला शब्द बदलता येत नाही, क्रम हलवता येत नाही. बोलण्यासारखे बोलणे असते तर समानार्थी शब्द चालला असता. काही मंत्र अशक्य गोष्टी सांगतात, काही एकमेकांना छेदतात. यास्काने उत्तर दिले की आंधळ्याला खुंट दिसला नाही तर तो खुंटाचा दोष नव्हे. मीमांसकांनीही पुढे मंत्राला अर्थ असतो असाच निर्णय दिला. पण कौत्साचे मत पुसून टाकले नाही, ते जपले. आणि तुलसीदासांनी रामचरितमानसात शाबर मंत्रांविषयी लिहिले : ‘अनमिल आखर अरथ न जापू । प्रगट प्रभाउ महेस प्रतापू ॥’ अक्षरे जुळत नाहीत, अर्थ नाही, धड जपही नाही, तरी महेशाच्या प्रतापाने प्रभाव दिसतो.

माझे स्वतःचे मत कौत्स आणि यास्क या दोघांच्या मधले आहे. मंत्र बातमी देत नाही, काम करतो. ‘आज पाऊस आहे’ या वाक्याचा अर्थ शब्दांत असतो. ‘मी तुला माझी मुलगी देतो’ या वाक्याचा अर्थ ते कोणी, कोणाला, कोणासमोर म्हटले यात असतो. मांडवात म्हटले तर कन्यादान, तालमीत म्हटले तर नाटक. म्हणून आमच्याकडे मंत्राआधी विनियोग सांगतात. रामरक्षा घ्या. सुरुवातीलाच ऋषी बुधकौशिक, छंद अनुष्टुभ, सीता शक्ती, हनुमान कीलक आणि मग ‘जपे विनियोगः’. शब्दांना कामाला लावण्याचा हा ठराव असतो. पुढे ‘शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः’ म्हणत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाखाली ठेवला जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही हीच रीत आहे : डोळ्यांतून, नाकपुड्यांतून, कानांतून, हनुवटीतून, मेंदूतून, जिभेतून मी यक्ष्म, म्हणजे रोग, उपटून काढतो. आजीची जुडी डोक्यावरून पायांकडे जाते तेव्हा ती हाताने तेच म्हणत असते. तुम्ही फक्त शब्दांत अर्थ शोधलात. तो शब्द, हात, पाणी, वेळ आणि पाटावर बसलेला माणूस या सगळ्यांत मिळून आहे.

हे पटत नसेल तर एखाद्या जत्रेला गाऱ्हाणे नीट ऐका. घाडी किंवा मानकरी देवासमोर उभा राहून बोलू लागतो. आधी ग्रामदेवतेला हाक, मग राखणदार, देवचार, सातेरी, सीमेवरच्या सगळ्या शक्ती, एकही नाव वगळून चालत नाही. मग कोण आले आहे, कुठल्या घराचे, काय अडले आहे. मग मागणे, आणि मग ते पूर्ण झाले तर काय देऊ याचा शब्द. प्रत्येक थांब्यावर जमाव ‘होय म्हाराजा’ म्हणतो. इथे न कळणारा एकही शब्द नाही, सगळे रोजच्या बोलीत आहे. तरी ते मंत्रच आहे, कारण ते म्हटल्यावर घरातले भांडण, न झालेले लग्न, मुंबईला गेलेला मुलगा ही एका घराची काळजी राहत नाही, गाव तिला ‘होय’ म्हणून मोकळा होतो. ज्या माणसाच्या बाजूने सगळ्या गावाने आवाज दिला आहे त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत.

ही वाणी सत्तरी, पेडणे, डिचोली, फोंड्यात इतकी टिकली याला इतिहास आहे. गोव्यात इन्क्विझिशन 1560 साली बसले. मधली काही वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत चालले. तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळे पाडली गेली, मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुने हिंदू विधी करणे हा गुन्हा होता, आणि 1736 च्या जाहीरनाम्याने तर घरगुती चालीरीतींपर्यंत हात घातला. आपल्याकडचे महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. तोवर तो जोर ओसरत आला होता. आणि तरीही जुन्या काबिजादींतल्या ख्रिस्ती घरांत आजही दिष्ट काढतात. मीठ, सुकी मिरची, तुरटी तीच. फक्त तोंडात त्यांची प्रार्थना असते. अडीचशे वर्षांच्या धाकाला जे पुसता आले नाही ते नुसत्या अज्ञानावर टिकले असे मला वाटत नाही. बाळ रडायचे थांबत नाही तेव्हा आईला हाताने काहीतरी करायचे असते, ती गरज त्यामागे आहे.

दिष्टीच्या सामानातली मिरचीही अनादी काळापासूनची नाही, हे जाता जाता सांगतो. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले, त्यानंतरच ती आपल्या परसात रुजली. त्याआधी हे काम मोहरी करी, जिला आयुर्वेद रक्षोघ्न म्हणतो आणि बाळंतिणीच्या खोलीत वापरायला सांगतो. म्हणजे ही परंपरा नवे घ्यायला कधी घाबरली नाही. तुम्हीही घाबरू नका, हे मी पुढे ज्यासाठी सांगणार आहे त्याची ही तयारी.

आता उपयोग. शरीरावर मंत्राचा काही परिणाम होतो का? होतो, पण कुठे ते नेमके सांगितले पाहिजे. इटलीत पाविया इथल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांवर एक साधा अभ्यास केला आणि तो 2001 साली प्रसिद्ध झाला. एकदा त्यांना लॅटिनमध्ये जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, एकदा ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या तालात चांगला फरक दिसला. संध्याकाळी एका घरात तेर्स (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) आणि शेजारच्या घरात रामरक्षा चालते अशा गावात राहणाऱ्याला हे ऐकून आश्चर्य वाटायला नको. संथ लयीतले, पाठ असलेले, पुन्हा पुन्हा म्हटलेले शब्द श्वासाला वळण लावतात. भीती उतरते, झोप लागते, दुखणे थोडे कमी जाणवते. आजीने डोक्यावरून हात फिरवल्यावर रोग्याला बरे वाटते ते खरेच वाटते.

पण यकृतातला विषाणू शब्द ऐकत नाही. तुम्ही प्रयोगशाळेत असता, बिलिरुबिनचे आकडे रोज पाहता, म्हणून हे तुमच्याशी सरळ बोलतो. कावीळ हा रोग नसून खूण आहे, आणि आजीचे यश कुठून येते ते त्यातच आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. आजी शेवटच्या सकाळी सांगते ना, ‘तेलकट नको, सोरो (दारू) नको, विश्रांती घे’? त्या पथ्यातली विश्रांती आणि दारूबंदी यकृताच्या खरोखर कामाची. जिथे बाकी कोणाचे ऐकून फेणी सुटत नाही तिथे मंत्राच्या धाकाने ती महिनाभर सुटते, हे काम छोटे नाही. म्हणून मी तिला खोटी म्हणत नाही.

मात्र त्याच दारात दुसरी कावीळही येते. पावसात भाताच्या शेतात काम करणाऱ्याला ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत कळा आणि पिवळेपणा, तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो, प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो आणि उशीर झाला तर मूत्रपिंडे जातात. गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत ‘ई’ प्रकारची कावीळ झाली तर जिवाला मोठा धोका असतो. जन्मल्यापासून चोवीस तासांत पिवळे पडलेले बाळ निळ्या दिव्याखाली जायला हवे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वय झालेल्या माणसाला दुखत काहीच नाही, पण डोळे पिवळे, शौच पांढुरके आणि अंगाला खाज, तर पित्ताची वाट अडली आहे. खडा असेल किंवा गाठ असेल. ‘बी’ प्रकार रक्तातून आणि आईकडून बाळाला जातो, वर्षानुवर्षे गुपचूप राहतो, आणि त्याला लस आहे. यांतल्या कोणालाही तीन सकाळी थांबवून ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य पणाला लावणे. तीन सकाळींची अट मंत्रात असेल तर पहिली सकाळ वाळपईच्या सरकारी इस्पितळात रक्त देऊन झाल्यावर सुरू करा. मिरची जशी मोहरीशेजारी येऊन बसली तशी रक्ताची चाचणी दूर्वांशेजारी बसेल. कोणत्याही देवाची आण त्याने मोडत नाही.

सापाच्या बाबतीत तर मी एवढीही सवलत देत नाही. आपल्या शेतांत दिवड-धामणीसारखे बिनविषारी साप पुष्कळ, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. मांत्रिकाची कीर्ती अशा चाव्यांवर उभी असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष अंगात गेले तर प्रतिविष हाच उपाय. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज येत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास बंद पडतो. ते तास मंत्रात घालवायचे नसतात. साप दिसला की आपण ‘आस्तिक, आस्तिक’ म्हणतो, जनमेजयाच्या सर्पसत्राची आठवण देऊन त्याला वाट सोडायला सांगतो, ते सुंदर आहे आणि जरूर म्हणा. चावल्यानंतर मात्र रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन.

काही लोक काविळीत चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवतात. तळहाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुन्याशी त्याचा संयोग होऊन रंग येतो. काही ठिकाणी तापवलेल्या सळईचे डाग देतात, लहान मुलांनासुद्धा. या दोन्ही गोष्टींना मी मंत्रविद्या मानत नाही. पहिली लबाडी आहे, दुसरी क्रूरता. आणि मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा करतो अशी जाहिरात करणे हा 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

तुम्ही पत्राच्या शेवटी घाईघाईने विचारलेत की मोबाइलवर वशीकरणाचे मंत्र पैसे घेऊन देतात, ते आणि हे एकच का. तंत्रशास्त्राने षट्कर्मे मानली आहेत : शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. म्हणजे दुसऱ्याला वश करण्याचे शब्द परंपरेत आहेत, ते नाकारून मी तुमची दिशाभूल करणार नाही. अथर्ववेदातही ‘वेल जशी झाडाला चहूकडून बिलगते तशी तू मला बिलग’ असा मंत्र आहे. पण त्याच वेदात ‘सहृदयं सांमनस्यमविद्वेषं कृणोमि वः’ आहे, घरातल्यांची मने एक व्हावीत म्हणून, आणि मला कोणी नवरा-बायकोच्या भांडणासाठी काही मागितले तर मी हेच सूक्त दोघांना शेजारी बसवून म्हणतो. एकाच्या पाठीमागे दुसऱ्यावर चालवायचे शब्द मी कोणाला दिले नाहीत, देणारही नाही. करणीच्या संशयाने काय होते ते या भागात आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हैस आटली, मूल आजारी पडले, की बोट शेजारच्या एकट्या विधवेकडे जाते. मंत्राने कोणी मेल्याचे मला माहीत नाही, संशयाने माणसे आयुष्यातून उठलेली माहीत आहेत.

तुमची आजी पैसे घेत नाही, हे तुम्ही लिहिलेत. पैसे घेतले तर मंत्र जातो, असे ती म्हणते. बोलावणे आले तर नाही म्हणायचे नाही, स्वतःहून जायचे नाही, फुकट करायचे, गाजावाजा करायचा नाही : हे नियम तिला देणाऱ्याने घातले असणार आणि या विद्येतले सगळ्यात मोलाचे तेच आहेत. गुप्तता आणि निर्लोभ एकत्र असतात तोवर मंत्र राखणीचा असतो. गुप्तता ठेवून पैसे घेऊ लागला की तो धंदा, आणि मोबाइलवरचे तुमचे लोक त्यात येतात.

तर ग्रहणाच्या दिवशी आजी सांगेल तसे करा. पाण्यात उभी राहा म्हणाली तर उभ्या राहा, उपाशी राहा म्हणाली तर राहा. ती तुम्हाला शब्दांबरोबर आपला अधिकार देते आहे, आणि तो देण्याची रीत तिच्याच पद्धतीने पूर्ण होऊ द्या. शब्द जसे येतात तसे घ्या. ‘हे संस्कृतात असे असावे’ म्हणून दुरुस्त करू नका. पाठशाळेत चुकलेल्या स्वराने इंद्राचा शत्रू स्वतःच कसा मारला गेला ही त्वष्ट्याची गोष्ट आम्हाला शिकवतात, आणि तुमच्या मंत्राचा स्वर ठरवणारी तुमची आजी आहे, मी नव्हे. लिहून ठेवायची परवानगी तिच्याकडे मागा. नाही म्हणाली तर तिच्या हयातीत लिहू नका, पण तिला कोणाकडून मिळाला, त्याला कोणाकडून, कुठल्या गावात, हे विचारून घ्या, कारण या घराण्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत आणि ती तिच्याबरोबर जातील.

एक गोष्ट तिला आधीच विचारा, घ्यायच्या आधी : ‘आजी, तू कोणाला परत पाठवलेस?’ जाणत्या माणसाकडे याचे उत्तर असते. कोणाचे डोळे पाहून ती म्हणाली की ‘हें म्हज्या हातचें न्हय, बांबोळीक व्हर’ (हे माझ्या हातचे नाही, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात ने), ते तिच्याकडून एकेक खूण विचारून शिकून घ्या आणि वर मी सांगितलेल्या खुणा त्यांत मिळवा. ते तिच्या मंत्राचाच भाग आहे, फक्त तो ती पुटपुटत नाही.